मुरगळलेला पाय चोळू नका

माघ-फाल्गुनात मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडच्या शिवारात ज्वारीची सुगी सुरू होते. आपली मालदांडी कोरडवाहू. काळ्या रानातली ओल हटत गेली की जमिनीला खोल भेगा पडतात. डोक्यावर पेंढ्यांचा भार घेऊन चालताना पाय अवचित भेगेत जातो, घोटा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूने कळ मस्तकात जाते. घरी आल्यावर कोणी गरम तेलाने चोळते, कोणी विटेचा शेक देते. सकाळी बघावे तर घोटा टम्म सुजलेला!

माझ्या बाबतीत हेच घडले. तिशीत असताना पीक प्रात्यक्षिकाच्या वेळी पाय मुरगळला. दोन दिवस चोळून घेतला आणि तिसऱ्या दिवशी लंगडत फिरतीवर निघालो. पुढे तोच घोटा आणखी दोनदा मुरगळला. आज पन्नाशी उलटली, तरी बांधावरून उतरताना त्याच पायाला जपावे लागते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण सरसकट ‘शीर चढली’ म्हणतो, पण आत दोन वेगळ्या दोऱ्या असतात. हाडाला हाड बांधून सांधा जागेवर ठेवतो तो अस्थिबंध. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवते ती कंडरा. हाताची ओढ बैलापर्यंत नेणाऱ्या कासऱ्यासारखी. घोटा मुरगळतो तेव्हा बहुधा बाहेरचा अस्थिबंध ताणतो किंवा त्याचे काही धागे तुटतात. या दोऱ्यांना रक्तपुरवठा बेताचा, म्हणून त्या सावकाश सांधतात. ताज्या दुखापतीवर चोळणे आणि शेकणे म्हणजे सूज वाढवणे.

मग करावे काय? काम तिथेच थांबवा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावा, दर दोन-तीन तासांनी. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्याची घडी ठेवा. बोटांकडून वर पोटरीकडे ताणाची पट्टी बांधा. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर ती लगेच सैल करा. झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. दोन-तीन दिवसांनी, सोसेल तसा, पाऊल वर-खाली हलवायला लागा. साधी लचक दोन-तीन आठवड्यांत बरी होते, जास्त ताण असेल तर दीड-दोन महिनेही लागतात. दुखणे ओसरल्यावर भिंतीला धरून रोज थोडा वेळ त्या एका पायावर उभे राहा. पायाचा तोल परत येतो आणि पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. मी नेमके हेच केले नव्हते.

हातांचीही अशीच कथा. दिवसभर ज्वारी उपटून अंगठ्याच्या मुळाशी कंडरा दुखावते. मग माउलीला भाकरीचे पीठ मळवत नाही. ऊसतोडीत कोयता घट्ट धरून कोपराची बाहेरची बाजू धरते. इथे दुखापत एका झटक्याची नसते, रोजच्या झिजेची असते. म्हणून कोयत्याला धार ठेवा, मूठ हाताला बसेल अशी करा, आणि उपटणे, पेंढ्या बांधणे, कणसे खुडणे ही कामे आलटून पालटून करा.

मात्र काही दुखणी घरी काढायची नसतात. पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल किंवा सांधा वेडावाकडा दिसत असेल, तर फोटो काढलाच पाहिजे. टाचेच्या वर मागून कोणी दगड मारल्यासारखे वाटले, ‘फट्’ आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर टाचेची कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी हाडवैद्याकडे दिवस घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. उशीर झाला की उपचार अवघड होतात.

शेवटी माझ्या खात्याची एक गोष्ट. रब्बी ज्वारीला आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी कोळपणी द्या. भेगा बुजतात, ओल टिकते, कणीस भरते. आणि सुगीत पाय अडकायला भेगाही कमी राहतात. एका कोळपणीत पीकही राखले जाते आणि पायही!