गावातला खून आणि विणकाम करणारी आजी

श्रोतेहो, गावात एखादी भलतीच गोष्ट घडली, की ती सगळ्यांत आधी कुणाला कळते? तालुक्याच्या ठाण्यावर निरोप पोचायच्या आत, ओट्यावर वाती वळत बसलेल्या म्हातारीला निम्मा वृत्तान्त ठाऊक झालेला असतो. कोण कोणाच्या दारावरून किती वाजता गेला, काल कुणाच्या घरी चूल उशिरा पेटली, कोणत्या सुनेचे डोळे सुजले होते, हे सारे तिच्या ध्यानात असते. आपण हसतो आणि म्हणतो, "म्हातारीला दुसरं काम काय!"

इंग्लंडातल्या एका लेखिकेने नेमक्या अशाच एका म्हातारीला गुप्त पोलिसाच्या जागी बसवले. त्या लेखिकेचे नाव अगाथा ख्रिस्ती. त्यांचा जन्म १८९० सालचा, टॉर्की या समुद्रकाठच्या गावचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी इस्पितळाच्या औषधखोलीत काम केले, तेव्हा विषांची त्यांना चांगली माहिती झाली. त्यांनी निर्माण केलेली आजी म्हणजे मिस मार्पल. ती १९२७ सालच्या एका गोष्टीत पहिल्यांदा वाचकांना भेटली आणि १९३० साली तिच्यावरची पहिली कादंबरी आली. पुढे मिस मार्पलच्या एकंदर १२ कादंबऱ्या आणि २० लघुकथा झाल्या.

ही बाई अविवाहित. सेंट मेरी मीड नावाच्या कल्पित खेड्यात राहणारी. बाग राखायची, लोकर विणायची, शेजाऱ्यांची विचारपूस करायची, एवढाच तिचा उद्योग. ना हातात अधिकार, ना अंगात बळ. तरीही पोलिसांना न उलगडलेले खून ती खुर्चीत बसल्या बसल्या उलगडते. ते कसे, हे तिच्या पहिल्याच गोष्टीवरून सांगतो.

पाच-सहा शहाणी माणसे तिच्या घरी जमली आहेत. त्यांत एक निवृत्त बडा पोलीस अधिकारी आहे, एक वकील आहे, एक धर्मोपदेशक आहे, आणि आजीचा लेखक भाचाही आहे. प्रत्येकाने एकेक न उलगडलेली हकिगत सांगायची आणि बाकीच्यांनी उत्तर शोधायचे, असा बेत ठरतो. पोलीस अधिकारी सांगतो: एका घरी नवरा, बायको आणि बायकोच्या सोबतीला राहणारी एक बाई, असे तिघे रात्री जेवले. तिघेही आजारी पडले. दोघे बरे झाले, बायको दगावली. डब्यातला शेवंड खराब असेल, असे समजून दफनही उरकले. पण पुढे कुजबुज सुरू झाली. नवरा पूर्वी एका खाणावळीत उतरला होता. तिथल्या टीपकागदावर त्याच्या पत्राची काही अक्षरे उमटली होती, आणि ती तिथल्या मोलकरणीने वाचली होती. त्यात बायकोच्या मरणाचा उल्लेख होता, आणि 'शेकडो आणि हजारो' असे शब्द होते. प्रेत उकरून तपासले, तर पोटात सोमल निघाला. पण तिघांनी एकच अन्न खाल्ले होते. मग विष एकटीलाच कसे बाधले?

सगळ्या विद्वानांना वाटले, 'शेकडो आणि हजारो' म्हणजे पैसे. बायकोच्या इस्टेटीची गोष्ट असणार! आजी मात्र विणता विणता म्हणाली, की हे तर स्वयंपाकघरातले शब्द आहेत. इंग्रज घरांत गोड पक्वान्नावर साखरेचे बारीक रंगीत दाणे भुरभुरतात, त्या दाण्यांनाच तिथे 'शेकडो-हजारो' म्हणतात. सोमल त्या दाण्यांत मिसळलेला होता. सोबतीची बाई अंग कमी करण्यासाठी गोड खात नव्हती. नवऱ्याने आपल्या ताटातले दाणे खरवडून बाजूला सारले. बायकोने मात्र ते खाल्ले. नवऱ्याने ते पत्र लिहिले होते घरातल्या भुलवलेल्या मोलकरणीला. पोलीस अधिकारी चकितच झाला, कारण ती मोलकरीण मरताना हेच कबूल करून गेली होती आणि ते त्याला एकट्यालाच ठाऊक होते.

पाहा, वकिलाला जे सुचले नाही ते स्वयंपाकघर जाणणाऱ्या बाईला सुचले. आजीच्या रीतीत तीन गोष्टी आहेत. पहिली, बारीकसारीक गोष्टीला ती क्षुल्लक मानत नाही. दुसरी, ती माणसांची तुलना करते. हा मनुष्य आपल्या गावच्या अमक्यासारखा वागतो, तो अमका असे का वागला होता, असा तिचा विचार चालतो. आपला शेतकरी नाही का, बाजारात बैलाची चाल पाहूनच सांगतो, "हा मारका निघणार"! आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. तिला संशय लवकर येतो, पण सगळे दुवे जुळल्याशिवाय ती कुणाला खुनी म्हणत नाही. गोष्टीचा हा भाग वाचताना आपण विसरतो. त्याकडे पुन्हा येऊ.

आता कुणी म्हणेल, "हे विलायती गावातलं झालं. आमच्याकडे असलं काय आहे?" आहे तर! 'माग काढणे' हा शब्दच आपल्या गावगाड्यातला आहे. चोरी झाली की जागले, रामोशी, भिल्ल ही मंडळी धुळीतले पाऊल पाहून माग काढीत. कुणाचा पाय फताडा, कोण लंगडतो, कोणाच्या पाठीवर ओझे होते, हे त्यांना मातीवरून कळे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेवर पोचला, की त्या गावाने तो पुढे न्यायचा; नाही नेला तर भरपाईची जबाबदारी त्या गावावर येई, अशी रीत होती. गावच्या डोळ्यांवर राज्याचा एवढा भरवसा होता.

गावच्या नित्याच्या ज्ञानाचा असा उपयोग इतर देशांतही झाला. चीनमध्ये सोंग त्सी नावाचा एक न्यायाधिकारी होऊन गेला. त्याने १२४७ साली मृत्यूच्या तपासावर ग्रंथ लिहिला. त्यात एका खेड्यातल्या खुनाची हकिगत आहे. जखमा विळ्याच्या दिसत होत्या. तपास करणाऱ्याने गावातले सगळे विळे आणवून उन्हात मांडले. सगळे स्वच्छ दिसत होते, पण माश्या घोंगावू लागल्या त्या एकाच विळ्यावर. धुतलेल्या पात्याला रक्ताचा अंश राहिला होता. विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. गुरे राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असते की माशी कुठे बसते. त्या अधिकाऱ्याने ते ज्ञान कामाला लावले, इतकेच.

आपल्या देशातलीही एक हकिगत ऐका. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्यात निघाली. दुसऱ्याच वर्षी बंगालमधल्या जलपायगुडी भागात चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, पैसे चोरीस गेले. तिथल्या एका पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला. तो त्याच्या पूर्वीच्या एका नोकराच्या ठशाशी तंतोतंत जुळला. तरी न्यायालयाने त्या नोकराला शिक्षा दिली ती चोरीची. खुनाच्या आरोपातून त्याला सोडले, कारण ठशावरून तो तिथे होता एवढेच सिद्ध होत होते. मारले त्यानेच, हे सिद्ध होत नव्हते. 'तिथे होता' आणि 'त्याने केले' यांत केवढे अंतर आहे, ते ध्यानात घ्या.

हे अंतर विसरले की काय होते, ते आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांना दिसले. कुणीतरी बोट दाखवले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले, आणि पाचही जण गेले. त्यांचा गुन्हा काहीच नव्हता. त्या दिवशीही तिथे हजारो डोळे पाहत होते. पण पाहिलेले पडताळावे, एक प्रश्न विचारावा, चार तास थांबावे, हे कुणाला सुचले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातले. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या आरंभापर्यंत स्त्रिया आणि मुलींचे एकामागून एक खून झाले. मुंबईहून गुन्हे तपासात नाव कमावलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. गुप्तधनाच्या लोभाने आणि अघोरी पूजेपायी हे बळी घेतले गेले, असा आरोप न्यायालयापुढे मांडला गेला. खटल्यात काहींना शिक्षा झाल्या, काही जण सुटले. ज्या गावात भूत-भानामतीच्या गोष्टीवर प्रश्न विचारायची चोरी असते, तिथे गुन्हेगाराला आयता आडोसा मिळतो. चोरी झाली, मूल दगावले, की देवऋषाला विचारायचे आणि त्याने एखाद्या निराधार बाईचे नाव घ्यायचे, हीसुद्धा तपासाचीच एक रीत होऊन बसते. फक्त त्यात पुरावा नसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे हा आता त्या कायद्याने गुन्हा आहे.

मग आपण करायचे काय? गावात कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, ताबडतोब कळवा. गावात पोलीस पाटील असतो. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ साली गेली. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमला जातो. आकस्मिक किंवा अनैसर्गिक मृत्यूची खबर देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. ११२ या क्रमांकावर तुम्ही स्वतःही फोन करू शकता. "घरची अब्रू जाईल" म्हणून घाईने अंत्यविधी उरकू नका. चितेबरोबर पुरावाही जळतो.

दुसरी, जागेला हात लावू नका. सारवणे, धुणे, पडलेली वस्तू उचलून ठेवणे नको. गर्दीच्या पायांनी माग पुसला जातो. ताट, पेला, औषधाची बाटली, ओकारीने भरलेले कापड, सगळे जिथल्या तिथे राहू द्या. आपल्याकडे शेतीच्या फवारणीच्या औषधाने पुष्कळ जण दगावतात. ते अपघाताने, आपखुशीने की दुसऱ्याच्या हाताने, हे अशा वस्तूंवरूनच कळते. पोटातल्या अवयवांचे नमुने तपासण्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे अमलात आले आहेत. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत शास्त्रीय तज्ज्ञांनी जागेवर येऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद त्यांत आहे, आणि राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे.

तिसरी, पंच म्हणून बोलावले तर टाळू नका. मरणोत्तर पंचनाम्याला गावातली दोन प्रतिष्ठित माणसे लागतात. पण सही करण्याआधी वाचा. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहू द्या. "कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार" म्हणून पंच मागे सरले, तर खरा गुन्हेगार सुटतो. न वाचता सही केली, तर निरपराध अडकतो.

चौथी, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. "तो संध्याकाळी विहिरीकडे जाताना मी पाहिला" ही साक्ष झाली. "त्यानेच केलं असणार, त्याची जातच तशी" ही साक्ष नव्हे. ते विष आहे, आणि ते सोमलापेक्षा लवकर पसरते.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात एखाद्या दिवशी टेबलावर दहा वस्तू मांडा, मुलांना मिनिटभर पाहू द्या आणि झाकून टाका. मुलांनी काय पाहिले ते लिहावे. मग दोन वस्तू गुपचूप काढून घ्या आणि काय नाही ते विचारा. जे नाही ते ओळखणे जास्त अवघड असते. शेवटी फळ्यावर दोन रकाने आखा, एक 'पाहिले' आणि दुसरा 'वाटले'. प्रत्येक मुलाने आपले वाक्य योग्य रकान्यात टाकावे. मोठेपणी हातातल्या मोबाइलवर एखादी अफवा आली, तर ती कोणत्या रकान्यात टाकायची हे त्याला कळले पाहिजे.

आणि घरच्या म्हातारीला हसू नका. तिच्याजवळ बसा, ती काय सांगते ते ऐका. मात्र तिने कुणाचे नाव घेतले, की हळूच विचारा, "आजी, हे तू डोळ्यांनी पाहिलंस, का कुणी सांगितलं?" मिस मार्पलची पोती तुम्ही वाचा अगर वाचू नका, हा एक प्रश्न गावात विचारला जाऊ लागला तरी पुष्कळ झाले. राईनपाड्याला त्या दिवशी तो कुणी मोठ्याने विचारला असता, तर पाच माणसे भिक्षा मागून आपल्या पालांकडे परतली असती.