गुळव्याच्या हातची गोळी

करवीर तालुक्यात दिवाळीनंतर पहाटे फिरलं की गुऱ्हाळ कुठं आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. वासानंच पाय तिकडं वळतात. रस तापायला लागतो तेव्हा वास हिरवट असतो, शेवटच्या अर्ध्या तासात खमंग होतो. गुऱ्हाळावर आयुष्य काढलेली माणसं काहिलीकडं पाठ करून बसली तरी आधण कुठवर आलंय ते सांगतात.

मी गेले ते गुऱ्हाळ पत्र्याच्या शेडचं, चारी बाजूंनी मोकळं. एका अंगाला विजेवरचा घाणा, मध्ये चुलवाण, त्यावर भली थोरली काहील, पलीकडं वाफा. बाहेर अंगणभर चिपाडं वाळत पडलेली. रस काढून उरलेली हीच चिपाडं चुलवाणात जातात. ऊस आपल्याच चोथ्यावर शिजतो. शंभर किलो उसामागं साधारण दहा-बारा किलो गूळ पडतो. मात्र ऊस तोडल्या तोडल्या गाळावा लागतो. शिळ्या उसातली साखर मोडते आणि मग कितीही आटवा, गूळ बसत नाही.

रस काहिलीत पडला की पहिलं काम मळी काढायचं. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवतात आणि तो बुळबुळीत चिकट द्रव उकळत्या रसात सोडतात. रसातला गाळ त्याला धरून वर येतो. वर आलेली काळपट मळी झाऱ्यानं काढत राहायची, कंटाळा न करता. आंबटपणा मारायला चुना, फेस उतू जाऊ लागला की तेलाचे चार थेंब. आणि या सगळ्यावर हुकूम एकाच माणसाचा, गुळव्याचा.

"सुरवातीला दोन सीझन नुसती मळीच काढत हुतो, ताई," गुळव्या मामा म्हणाले. "काहिलीची गोळी बघू देत न्हवते मला."

ती गोळी म्हणजे या धंद्याचा प्राण. काकवी १०५ अंशांच्या आसपास काढतात, गूळ ११८च्या जवळपास. मधल्या बारा-तेरा अंशांतच सगळी परीक्षा, आणि मामांच्या हाताशी तापमापक नव्हता. त्यांनी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला. तो पसरला. थोड्या वेळानं पुन्हा टाकला. बोटांत मऊ गोळी वळली, पण त्यांनी मान हलवली. तिसऱ्या खेपेला गोळी घट्ट वळली, भांड्याच्या काठावर आपटली तर टक्क वाजली. त्यांनी हाक दिली आणि चौघं धावले. काहील चुलवाणावरून ओढली, वाफ्यात उलटी केली. उशीर झाला असता तर करपट चव सबंध आधणाला लागली असती.

वाफ्यात गूळ घोटत राहतात. घोटता घोटता त्याला कण धरतो, चकाकी जाऊन तो जड होतो. मग ओलं फडकं घातलेल्या बादल्यांत भरतात. गार झाल्यावर बादली उपडी केली की तीस किलोचा रवा बाहेर येतो, कापडाची वीण अंगावर उमटलेला.

पाक नेमका कधी उतरवायचा हे जोखणारे कारागीर दुसरीकडंही आहेत. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात खारं लोणी घालून कॅरमेल करतात. किबेरॉन गावात आँरी ल रू यांनी १९७७ मध्ये दुकान थाटलं आणि त्या कॅरमेलचं नाव जगभर झालं. तिथं कारागिराचा डोळा पाकाच्या रंगावर असतो. पण कॅरमेलवाला पांढऱ्या साखरेपासून सुरुवात करतो आणि तिला १६० अंशांच्या पुढं नेऊन रंग आणतो. गुळव्याला रंग आणावा लागत नाही. उसातली खनिजं, माती, पाणी, जाळ यांचा मिळून जो रंग येईल तो गुळाचा रंग. निदान तसा तो असायला हवा.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा आजही निघतो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळं मात्र झपाट्यानं कमी झाली. ऊस साखर कारखान्यांकडं जातो, आणि रात्रंदिवस काहिलीशी उभा राहणारा माणूस मिळत नाही.

तिसरं कारण आमच्या, म्हणजे वापी-सिल्वासाकडच्या लोकांच्या, दारातलं आहे. कोल्हापूरच्या गुळाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गुजरात. वापी, वलसाड आणि शेजारचं सिल्वासा या पट्ट्यात डाळीत, भाजीत, रोटल्याबरोबर रोज गूळ लागतो, आणि आम्हाला तो पिवळाधमक हवा असतो. "दर रंगाला मिळतोय, चवीला न्हाई," मामा म्हणाले. त्या रंगासाठी रसात हायड्रॉस पडतं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. रंग उजळतो, गंधक मागं राहतं. आणि तो उजळपणा टिकतही नाही. साठवणीत तसला गूळ पुन्हा काळवंडतो. काही ठिकाणी तर गुळात सरळ साखर मिसळतात. मामांची बोटं जे ओळखतात, त्याची किंमत या हायड्रॉसनं मातीमोल केली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिल्वासाच्या बाजारात तांबूस-तपकिरी रवा मागितला की दुकानदार चमकून बघतो. काळा गूळ हातभट्टीला जातो, हे या भागात पोराटोरांना ठाऊक. त्यामुळं गडद रंगाचा चांगला गूळही बिचारा त्याच संशयात सापडतो. ओळखायचं तर फोडून बघावं आणि तुकडा जिभेवर ठेवावा. चांगल्या गुळाला उसाचा वास असतो आणि चव खारट लागत नाही. कोल्हापूरकडं काही गुऱ्हाळं आता रसायनाशिवाय गूळ करतात, किलो-अर्धा किलोच्या ढेपाही काढतात. पाडव्याच्या सौद्यात त्याला पिवळ्याच्या वर दर मिळायचा असेल, तर तशी मागणी आमच्या वापी-सिल्वासाच्या दुकानांतूनच गेली पाहिजे.