दत्तक आलेले मूल जवळ येत नाही तेव्हा : पालकांनी रोजच्या दिवसात काय करावे?

मूल घरी येऊन चार महिने झाले आहेत. पेढे वाटून झाले, कागदपत्रे झाली. पण मूल पडले, लागले तरी तुमच्याकडे धावत येत नाही. आठवडी बाजारात मात्र अनोळखी माणसाचे बोट धरून चालू लागते. उशीखाली चपातीचे तुकडे सापडतात. तुम्ही कुशीत घेतले की अंग ताठ करते. घरातले म्हणतात, "सवय होईल." आणि रात्री तुमच्या मनात येते, 'आमचेच काही चुकते आहे का?'

बहुतेक वेळा तुमचे चुकलेले नसते आणि मूलही 'वाईट वळणाचे' नसते. असे का होते आणि घरात काय करता येते, ते पाहू.

जिव्हाळ्याचा बंध कसा तयार होतो?

बाळ रडते, कोणीतरी येते, दूध मिळते, अंगावर हात फिरतो. पहिल्या दोन वर्षांत हे हजारो वेळा घडते. त्यातून बाळ शिकते की, 'मला काही झाले तर माझे माणूस येते.' या विश्वासालाच डॉक्टर 'अटॅचमेंट' म्हणतात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात याचे महत्त्व ठळकपणे मांडले.

शिशुगृहातील मावशी कितीही मायाळू असल्या तरी त्यांच्या पाळ्या बदलतात आणि एकीकडे अनेक बाळे असतात. रडल्यावर दर वेळी तेच माणूस येईल याची खात्री नसते. काही मुले त्याआधी उपासमार किंवा मारहाणही सोसून आलेली असतात. अशी मुले दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण मागणेच बंद करतात, तर काही जण जो भेटेल त्याच्याकडून माया घेतात. तेव्हा तगून राहायला हीच युक्ती उपयोगी पडली होती. घर बदलले म्हणून ती एका दिवसात सुटत नाही.

कोणती लक्षणे दिसतात?

- लागले, भीती वाटली तरी जवळ न येणे, न रडणे
- अनोळखी माणसांशी अति सलगी. कोणाहीबरोबर निघून जाणे
- अन्न लपवणे, पोट भरले तरी खात राहणे
- आईला दूर लोटणे आणि बाबांना किंवा आजीला चिकटणे, किंवा याच्या उलट
- छोट्या नकारावरही मोठा आकांत
- घरातल्या प्रत्येक बाईला 'मावशी' म्हणणे

पहिल्या काही महिन्यांत यातील एखाद-दुसरे लक्षण बऱ्याच मुलांत दिसते आणि हळूहळू कमी होते. 'अटॅचमेंटचा विकार' हे निदान त्या मानाने दुर्मीळ आहे. ते तज्ज्ञांनीच करायचे असते.

पहिले काही आठवडे

चंदगडसारख्या ठिकाणी मूल आले की सगळी वाडी बघायला येते. प्रत्येक जण उचलून घेतो, खाऊ देतो. हेतू चांगला असतो, पण मुलासाठी ही शिशुगृहासारखीच माणसांची रांग ठरते. म्हणून पहिले काही आठवडे भरवणे, आंघोळ, झोपवणे आणि लागल्यावर जवळ घेणे ही चार कामे फक्त आई-बाबांनी करावीत. आजी-आजोबा, काकू यांनी खेळावे, गोष्टी सांगाव्यात, पण मूल रडले की "जा, आईकडे जा" म्हणून पाठवावे. बारसे किंवा मोठा कार्यक्रम थोडा पुढे ढकलला तर काही बिघडत नाही.

मूल देशातील दुसऱ्या राज्यातूनही आलेले असू शकते. आपली चंदगडी बोली त्याला परकी वाटेल. पाणी, भूक, शी-शू, झोप यांसाठी ते कोणते शब्द वापरते, हे संस्थेला विचारून घ्या. त्याच्या जुन्या चादरीला किंवा खेळण्याला ओळखीचा वास असतो, ते लगेच धुऊ नका.

खाणे

लपवलेले अन्न सापडले तर 'चोरी' म्हणू नका. मुलाच्या हाताला लागेल असा एक छोटा डबा ठेवा. त्यात चुरमुरे, भाकरीचा तुकडा किंवा केळे असू द्या आणि सांगा, "हा तुझा डबा. रिकामा झाला की आपण पुन्हा भरू." आणि तो खरोखर भरा. डबा भरलेला राहतो हे पटले की लपवणे सहसा कमी होते. पाच वर्षांखालील मुलाच्या डब्यात शेंगदाणे किंवा अख्खे काजू ठेवू नका, घशात अडकू शकतात. जेवण तोडणे ही शिक्षा या मुलांना कधीही देऊ नये.

झोप आणि पावसाळा

शिशुगृहात दिवा चालू असतो, शेजारी इतर मुले असतात. आपल्याकडे पावसाळ्यात कौलांवर धो-धो पाऊस, वीज गेलेली आणि मिट्ट काळोख. मूल घाबरणारच. एकाच खोलीत, जवळ झोपवा. बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवा. रोज त्याच क्रमाने हातपाय धुणे, गोष्ट, पाठीवर हात, असे करा. अंगाला तेल लावताना आधी विचारा, "लावू का?" ज्या मुलाने मारहाण सोसली आहे, त्याला प्रत्येक स्पर्श मायेचा वाटत नाही.

हट्ट, राग आणि तुमचे रागावणे

अशा मुलाला खोलीत कोंडणे, 'बोलू नकोस' म्हणून दूर बसवणे याचा उलटा परिणाम होतो. एकटे पडण्याचीच तर त्याला भीती असते. त्याऐवजी शेजारी बसा, आवाज खाली ठेवा, थोडकेच बोला. नियम मात्र सोडू नका. "मारायचं नाही. तू शांत होईपर्यंत मी इथंच बसलेय."

तुमचाही तोल जाईल, कारण तुम्ही माणूस आहात. शांत झाल्यावर परत जाऊन सांगा, "मी ओरडले, ते बरोबर नव्हतं. पण मी तुझीच आई आहे आणि इथंच आहे." भांडण झाले तरी नाते तुटत नाही, हा अनुभव मुलासाठी फार मोलाचा असतो.

हे वाक्य घरात कोणीही बोलू नये

"परत आश्रमात पाठवीन." रागात नाही, लाडात नाही, थट्टेतही नाही. आजोबांना, शेजाऱ्यांना, शिक्षकांनाही हे स्पष्ट सांगा. सोडून दिले जाणे हे या मुलाच्या बाबतीत एकदा खरोखर घडलेले असते. एका वाक्याने महिन्यांची कमाई जाऊ शकते.

कामाला जाताना

काजूचा हंगाम असो वा ऊसतोड, कामावर जावेच लागते. पण गुपचूप निसटू नका. मूल रडले तरी सांगून जा आणि वेळ त्याला कळेल अशी सांगा, "तुझं जेवण झालं की मी येते." सांगितलेल्या वेळी परत या. तुमची ओढणी किंवा रुमाल त्याच्याजवळ ठेवा. मूल सांभाळणारे माणूस रोज बदलू नका.

दत्तक आहे हे कधी सांगावे?

लहानपणापासून, गोष्टीसारखे. गावात सगळ्यांना माहीत असते, मग मुलाला ते भांडणात दुसऱ्याकडून कळते आणि विश्वासाला तडा जातो. आपल्या जिल्ह्यात उदाहरणासाठी लांब जायला नको. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली, वयाच्या दहाव्या वर्षी दत्तक आले आणि पुढे शाहू महाराज म्हणून आपल्याला माहीत झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दत्तक घेतलेला यशवंत डॉक्टर झाला. दत्तक असणे ही लपवायची गोष्ट नाही.

आई-बाबांचे काय?

"इतकी वर्षं वाट पाहिली, आणि आता या मुलाबद्दल काहीच वाटत नाही," असे मनात येऊ शकते. मूल आईलाच सर्वात जास्त दूर लोटते आणि दोषही तिलाच लागतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप न लागणे, रडू येणे हे नैराश्य असू शकते. दत्तक आईलाही ते होते, बाबांनाही होते. त्यावर उपचार आहेत.

मदत कधी आणि कोठे घ्यावी?

सहा महिन्यांनंतरही लक्षणे कमी होत नसतील, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, बोलणे-चालणे मागे पडले असेल, किंवा 'मूल परत द्यावे' असा विचार मनात येत असेल तर वाट पाहू नका.

- आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे तपासणी करा. ऐकू कमी येणे, रक्तक्षय, थायरॉइड, स्वमग्नता यांचीही लक्षणे अशीच दिसू शकतात. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही दाखवा.
- मानसोपचारतज्ज्ञ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात भेटतील. बेळगाव जवळ पडत असेल तर तेथे जा.
- 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते.
- २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाची पाहणी होते. त्या भेटीत 'सगळे छान आहे' म्हणून वेळ मारून नेऊ नका. अडचण सांगितली म्हणून मूल काढून घेत नाहीत. समुपदेशनाची सोय तुमच्यासाठीच आहे.

मुख्य उपचार म्हणजे पालक आणि मूल यांना एकत्र बसवून केलेले मार्गदर्शन. बंध जुळवणारी गोळी नसते. मुलाला जबरदस्तीने घट्ट धरून ठेवण्याचे 'उपचार', उपाशी ठेवणे, चटके देणे हे धोकादायक आहे. देवाला नमस्कार जरूर करा, पण मुलाच्या अंगावर असा कोणताही प्रयोग होऊ देऊ नका.

किती दिवस लागतील?

महिने, कधी वर्षे. रुमानियातील बुखारेस्ट शहरात १३६ मुलांवर झालेल्या अभ्यासात संस्थेतून कुटुंबात गेलेल्या मुलांचे बंध संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगले जुळले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. मोठ्या मुलांना वेळ अधिक लागतो, पण दार बंद झालेले नसते.

प्रगती मोठी दिसत नाही. डब्यातली भाकरी दोन दिवस तशीच राहते. गुडघा खरचटल्यावर मूल क्षणभर थांबून तुमच्याकडे बघते. ते बघणे चुकवू नका; हातातले काम ठेवा आणि जवळ जा.