पाण्यातली रसायनं, लेखांक ६ : मॅग्नेशियम पाणी सोडत नाही

मांजरसुंब्याहून महामार्गानं धाराशिवकडे निघालं की चौसाळा लागतं. बालाघाटाच्या या पट्ट्यात मातीखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. पावसाचं पाणी मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हळूहळू सुटा करतं. म्हणून अशा खडकातल्या बोअरचं पाणी बहुधा जड निघतं.

सुटे झालेले हे कण विद्युतभारित असतात, म्हणजे आयन. आयन पाण्यात कधीच एकटा नसतो. गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला असतो. त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. त्यामुळे धनभारित कॅल्शियमभोवती रेणू ऑक्सिजन आत करून गोळा होतात, तर ऋणभारित क्लोराइडभोवती हायड्रोजन आत करून. वारीतल्या रिंगणासारखं हे कडं असतं, पण त्यातले रेणू सतत बदलत राहतात.

किती वेगानं बदलतात, यावर पुढचं सगळं ठरतं. सोडियमजवळचा रेणू सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही कितीतरी आधी निघून जातो. कॅल्शियमचंही जवळपास तसंच, जरा सावकाश. मॅग्नेशियम मात्र आपले सहा रेणू सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका काळ धरून ठेवतो, म्हणजे कॅल्शियमच्या हजारपटीहून जास्त. दोघांवर भार सारखाच, पण मॅग्नेशियम लहान. तोच भार थोड्या जागेत एकवटल्यानं ओढ वाढते. २४ ग्रॅम मॅग्नेशियम आयनांचं पाणी पुरतं काढायला सुमारे १९२० किलोज्यूल ऊर्जा लागेल. तेवढ्यात सहा लिटर पाणी उकळीला येतं!

आता बंबाच्या आतला पांढरा थर पाहा. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि त्याला धन जोडीदार हवा असतो. कॅल्शियम आपलं पाणी सहज सोडून त्याच्याशी जुळतो. मॅग्नेशियम सोडत नाही, म्हणून तो बराचसा पाण्यातच राहतो. थर साचतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. डाळीचंही तेच. दाण्याच्या पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला कॅल्शियम येऊन चिकटतो, दोन साखळ्या एकमेकींना बांधतो, आणि बोअरच्या पाण्यातली तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दडसच राहते. घरातल्या बाईला डाळ शिजवता येत नाही, असा ठपका यापायी किती जणींनी ऐकला असेल! दोष खडकातून आलेल्या कॅल्शियमचा.

जारचं पाणी देणारा आरओ प्लँटही याच कड्यावर चालतो. पडद्यातल्या वाटा इतक्या अरुंद असतात की पाण्याचे रेणू पार होतात, पण पाणी धरून बसलेला आयन मावत नाही. आत शिरायचं तर त्याला कडं मोडावं लागेल, आणि त्याची किंमत वर पाहिलीच. पडद्याचा स्वतःचा विद्युतभारही त्याला अडवतो. अडलेले क्षार उरलेल्या पाण्यात दाटतात आणि ते पाणी बहुतेक ठिकाणी गटारात किंवा मोकळ्या जमिनीत सोडलं जातं. दुष्काळी गावात हे मला फार खटकतं. त्या पाण्यानं भांडी-फरशी धुता येते. शेतात मात्र ते सोडू नये, कारण त्यातला सोडियम काळ्या मातीत साचला की जमीन चोपण होते. ते कसं, हे पुढच्या लेखांकात.