मॅट रंगाची मोटारसायकल : चमक आणाल तर काम बिघडेल

दुचाकींच्या सुट्या भागांचा पुण्यातील बाजार म्हटला की नाना पेठ आठवते. शहरातील गॅरेजवाल्यांची जुनी रीत अशी की, गाडी धुतली की पॉलिश मारून चकाचक करून द्यायची. मॅट रंगाच्या गाडीवर मात्र हीच रीत कारागिराच्या अंगाशी येते.

मॅट रंगाच्या वरच्या थरात सिलिकासारखी बारीक पूड मिसळलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग किंचित खडबडीत राहतो, प्रकाश चोहीकडे विखुरतो आणि चमक दिसत नाही. मेण-पॉलिशने हे खळगे भरतात. रबिंग कंपाउंडने उंचवटे झिजतात. दोन्हींमुळे तकतकीत डाग पडतात. झिजलेली जागा पुन्हा मॅट होत नाही; तो संपूर्ण भाग नव्याने रंगवावा लागतो.

म्हणून गाडी सावलीत, थंड झाल्यावर, सौम्य शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने धुवावी. रॉकेल-डिझेलचे फडके फिरवू नये. सांडलेले पेट्रोल व पक्ष्यांची विष्ठा लगेच धुवून काढावी.

कारागीर बंधूंनी आणखी एक खबरदारी घ्यावी. गाडी ताब्यात घेतानाच आधीचे डाग व ओरखडे गिऱ्हाइकाला दाखवून पावतीवर लिहून ठेवावेत. नाहीतर धुलाईच्या मजुरीपायी टाकी रंगवून देण्याची वेळ येते.