स्वमग्न मुलांचे सामाजिक शिक्षण

स्वमग्न मुलांना शाळेत इतरांशी संवाद साधता यावा, खेळात व गटकार्यात भाग घेता यावा आणि मैत्री जोडता व टिकवता यावी, यासाठी योजलेली शिक्षणप्रक्रिया. स्वमग्नता हा रोग नसून मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. सामाजिक संवादातील अडचणी, ठराविक कृतींची व क्रमाची ओढ आणि आवाज, प्रकाश, स्पर्श इ. संवेदनांना अतितीव्र वा अतिमंद प्रतिसाद ही तिची प्रमुख लक्षणे होत. अमेरिकन मनोविकारतज्ञ लीओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे सविस्तर वर्णन केले. या मुलांना एकांतच प्रिय असतो, असा समज पुढे दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः त्यांपैकी अनेकांना सोबती हवा असतो. तो कसा मिळवावा, हे उमगत नाही. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की हा अभाव एकतर्फी नसतो. इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन कळत नाही. म्हणून शिक्षण दोन्ही बाजूंचे हवे.

कायदा : १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयक अधिनियमात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तिचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांतही ती आहे. या अधिनियमानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास नजीकच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

अध्यापनपद्धती : एकाच वस्तूकडे दुसऱ्यासह लक्ष देणे, अनुकरण, पाळीपाळीने खेळणे, संभाषण व मैत्री असा साधारण क्रम ठेवतात. दिनक्रमाचा चित्रफलक, प्रसंग आधीच समजावून देणारी छोटी सचित्र गोष्ट आणि मुलाच्या आवडीच्या विषयाभोवती जमवलेला लहान गट ही उपयुक्त साधने होत. नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये. बोलणे जमत नसल्यास खूण वा चित्र हेही संभाषणच मानावे. कॉनी कसारी व सहकाऱ्यांनी अमेरिकेत ६० मुलांचा अभ्यास करून २०१२ मध्ये असे दाखविले, की केवळ स्वमग्न मुलास धडे देण्यापेक्षा त्याच्या वर्गमित्रांना तयार केल्यास वर्गातील त्याचे संबंध अधिक वाढतात.

नांदेड व लातूर : जिल्हा परिषदेच्या शाळांतील नित्यक्रम या कामी उपयोगी पडतो. परिपाठाचा क्रम ठरलेला असल्याने त्यातील एखादे लहान काम, उदा., दिनांक फळ्यावर लिहिणे, अशा मुलाकडे सोपविता येते. मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत ठराविक सोबत्याशेजारी जागा देता येते. लगोरी व सागरगोटे यांत पाळी स्पष्ट असते. खो-खोतील अचानक स्पर्श व गलका मात्र काहींना असह्य होतो. देगलूर व बिलोलीकडे तेलुगू, उदगीर व निलंगा परिसरात कन्नड, तर नांदेड शहरात उर्दू या घरच्या भाषा आढळतात. एकाहून अधिक भाषांमुळे स्वमग्न मुलाचा विकास खुंटत नाही. म्हणून घरची भाषा सोडण्याचा सल्ला पालकांना देऊ नये. ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर मात्र अशा मुलाचा दिनक्रम व सवंगडी दोन्ही हिरावून घेते. परतल्यावर त्याच वर्गात, त्याच सोबत्याजवळ बसविणे हा सोपा उपाय आहे.

‘लातूर पॅटर्न’मुळे ख्यात झालेल्या या भागात गुणांना मोठे मोल आहे. पाढे बिनचूक म्हणणारे मूल मधल्या सुट्टीत रोज एकटे भिंतीशी उभे असले, तरी ते प्रगतिपत्रकात दिसत नाही. चिडवणे व एकटेपणा यांमुळे शाळेची भीती बसून शिक्षण सुटण्याचा धोका असतो. त्यामुळे सुट्टीतील निरीक्षण हे अध्यापनाचाच भाग ठरते. निदानासाठी २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणीचा आधार मिळतो. लातूर येथे उमंग हे स्वमग्नता व बहुविकलांगता केंद्रही स्थापन झाले. तथापि तज्ञांचे साहाय्य अधूनमधून मिळते, वर्गशिक्षक व सोबती मात्र रोजचे असतात. मूल इतरांसारखे दिसू लागले, हे या शिक्षणाचे यश नव्हे. सुट्टीची घंटा झाल्यावर त्याला हाक मारणारा एक तरी सोबती असणे, हे होय.