वाक्य ओळखा, पण कुणाचं?

‘वाक्य वाचा, लेखक ओळखा’ हा खेळ सिंधुदुर्गातल्या साहित्यावर ऑनलाइन मांडायचा, तर पहिला पेच नावांचा. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत आरती प्रभू, जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ. दोन्ही नावांना गुण हवेतच.

खरी पंचाईत नाटकांची. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोगांत रंगवलं, तेही पदरचे विनोद पेरत. मग वाक्य कुणाचं? छापील संहिता प्रमाण मानली, की वाद मिटतो. दशावतारी नाटकात तर लिखित संहिताच नसते. नट संवाद ऐन वेळी रचतात. ते खेळातून वगळलेलेच बरे, जीवावर आलं तरी!

गूगलवर शोधणाऱ्यांना आवर घालायला वेळ मोजका ठेवावा. आणि पु. ल. देशपांड्यांच्या नावावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तसलं वाक्य पुस्तक, पान दाखवल्याशिवाय घेऊ नये.